आधी दगड उलटा, मग गळ टाका

पेनसिल्व्हेनियातून वाहणारी सस्क्वेहॅना नदी चांगली रुंद आहे, पण भर उन्हाळ्यात तिच्या पात्रात बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. खळाळत्या उथळ भागातला एखादा चपटा दगड उचलून बघावा. मागच्या मागे झटकन सटकणारा क्रेफिश दिसतो. आपल्या शेवंडीच्या दूरच्या नात्यातला हा गोड्या पाण्यातला प्राणी, पण याला नांग्या असतात. दगडाच्या पोटाला मेफ्लाय या किड्याच्या चपट्या अळ्या बिलगलेल्या असतात. कधी बोटभर लांबीचं, काळपट, चावऱ्या जबड्यांचं हेलग्रामाइट हाती लागतं. डॉब्सनफ्लाय नावाच्या मोठ्या पंखांच्या किड्याची ही अळी पाण्याखालच्या दगडांच्या फटींत एक ते तीन वर्षं काढते. आणि आडोशाला दबून बसलेला एखादा करंगळीएवढा मासा.

स्मॉलमाउथ बास ज्यावर पोसला जातो ते सगळं या एका दगडाखाली असतं. अमेरिकेतल्या मासेमारीच्या दुकानात शिरलं की भिंतभर रंगीबेरंगी लुअर, म्हणजे नकली आमिषं, टांगलेले असतात आणि त्यांतलं कुठलं घ्यावं ते कळेनासं होतं. माझं सांगणं एवढंच की दुकानाआधी नदी बघावी. हा मासा त्या पाण्यात, त्या आठवड्यात काय खातोय, आणि ते खाणं कसं हलतं, हे कळलं की आमिषाची निवड जवळजवळ झालीच.

आधी माशाची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस डोलोमिउ. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेद यांनी 1802 साली याचं वर्णन केलं आणि आपले समकालीन खनिजशास्त्रज्ञ दोलोम्यू यांचं नाव त्याला दिलं. डोलोमाइट या खडकालाही त्यांचंच नाव आहे. नावात बास असला तरी हा समुद्रातल्या बासांच्या कुळातला नाही, उत्तर अमेरिकेतल्या सनफिश कुळातला आहे. रंग काशासारखा तपकिरी, अंगावर उभे गडद पट्टे, डोळे बहुधा लालसर. मूळ घर म्हणजे ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी आणि मिसिसिपी, ओहायो, टेनेसी या नद्यांची खोरी. त्याला लागतं स्वच्छ, थंडसर, दगडगोट्यांचं पाणी. चिखल आणि शेवाळ त्याच्या भावाला, लार्जमाउथला, आवडतं. एक-दीड किलोचा स्मॉलमाउथ गळाला लागला तरी काठी कमानीसारखी वाकते आणि मासा पाण्याबाहेर दोन-तीन उड्या मारतो. जेम्स हेन्शल या डॉक्टरांनी 1881 साली या बासांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला, तो या झुंजारपणाच्या प्रेमातूनच.

या प्रेमापायी माणसांनी त्याला कुठे कुठे नेलं! 1854 साली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घालून काही मासे व्हीलिंगजवळच्या पाण्यातून पोटोमॅक नदीत सोडण्यात आले. पुढे ते तिथे इतके वाढले की आज वॉशिंग्टनच्या परिसरातल्या गळवाल्यांना तो आपलाच मासा वाटतो. पण दक्षिण आफ्रिकेत आणि जपानमध्ये नेलेल्या स्मॉलमाउथने तिथल्या लहान देशी माशांचा फडशा पाडला. म्हणून हा लेख उत्तर अमेरिकेपुरताच आहे. आपल्या नद्यांत तो कधीही येऊ नये.

त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं पाहिजे. लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, स्मॉलमाउथचा डोळ्याच्या मध्याखालीच संपतो. हा मासा मुख्यतः डोळ्यांनी शिकार करतो. जवळ येतो, न्याहाळतो, तोंड झटकन उघडून पाण्यासकट सावज आत ओढतो, आणि काही विचित्र लागलं तर तितक्याच झटकन थुंकतो. तेव्हा नवशिक्याने मोठ्या लुअरचा मोह टाळावा. सहा ते दहा सेंटिमीटर हे माप बहुतेक दिवशी पुरतं.

आता क्रेफिश. नद्यांमध्ये आणि खडकाळ तलावांमध्ये मोठ्या स्मॉलमाउथच्या पोटात हाच सर्वांत जास्त सापडतो. पण कुठलाही क्रेफिश त्याला चालत नाही. मोठ्या, नांग्या उगारून उभ्या राहणाऱ्या नराला तो सहसा सोडून देतो आणि लहान किंवा नुकती कात टाकलेला मऊ कवचाचा क्रेफिश उचलतो. वाढीसाठी क्रेफिशला जुनं कवच टाकावंच लागतं आणि नवं कवच टणक होईपर्यंत तो हतबल असतो. गळवाले अशा मऊ क्रेफिशला सोन्याचा भाव देतात ते उगाच नाही.

क्रेफिश चालतो कसा, हे लुअर ओढणाऱ्याने पाठ करून ठेवावं. घाई नसेल तेव्हा तो तळावर सावकाश पुढे सरकतो. घाबरला की शेपटीचा फटका मारून उलटा, मागच्या दिशेने, थोडा वर उडतो आणि पुन्हा तळावर बसतो. म्हणजे लुअर सतत गुंडाळत आणला तर तो क्रेफिश राहत नाही. तळाला टेकू द्यायचा, हातभर सरकवायचा, थांबायचं, एखादा छोटा झटका द्यायचा, पुन्हा टेकू द्यायचा. मासा बहुतेक वेळा लुअर खाली येताना किंवा तळावर पडून असताना घेतो. तेव्हा दोरीचा ढिलेपणा हाताखाली ठेवून डोळे दोरीवरच ठेवावे लागतात.

यासाठी ट्यूब हा लुअर गेली अनेक दशकं चालत आलाय आणि अजूनही मी तो पहिल्या नंबरावर ठेवीन. मऊ प्लास्टिकची पोकळ नळी, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला बारीक झालरी, आणि पोटात गळ बसवलेलं वजनदार डोकं. खाली जाताना ती सरळ न जाता गिरक्या घेत जाते, तळावर ओढली की झालरी थरथरतात. दिसायला ती ना धड क्रेफिश, ना धड मासा. पण दोन्हींच्या जवळची आहे आणि तीच तिची ताकद.

खरी निवड असते वजनाची. दुकानदार रंग विचारतो, तेव्हा गिऱ्हाइकाने वजन विचारावं. साडेतीन ग्रॅमचं डोकं दोन मीटर संथ पाण्यात छान उतरतं, वाहत्या पाण्यात मात्र तळाला लागायच्या आत वाहून जातं. सात ग्रॅम हे मधलं माप. लेक एरीच्या आठ-दहा मीटर खोलीत, वारा असताना, दहा ते चौदा ग्रॅम लागतात. नियम सोपा: तळ जाणवेल एवढं जड, पण दगडांत सतत अडकणार नाही एवढं हलकं. दिवसभरात प्रवाह, खोली आणि वारा बदलले की डोकंही बदलायचं. बरेच जण तेच एक डोकं घेऊन संध्याकाळपर्यंत बसतात आणि मासे नाहीत म्हणतात. मासे असतात, त्यांच्या डोक्यावरून लुअर वाहत गेलेला असतो.

ट्यूबपेक्षाही साधा प्रकार म्हणजे नेड रिग. कॅन्ससमधले लेखक नेड केहडी यांच्या नावाने तो ओळखला जातो. दोन-अडीच इंचांचा मऊ काडीसारखा तुकडा आणि दोन-तीन ग्रॅमचं, भूछत्राच्या टोपीच्या आकाराचं डोकं. या तुकड्याचं प्लास्टिक पाण्यावर तरंगणारं असतं. त्यामुळे डोकं तळावर बसलं तरी शेपूट उभी राहते आणि पाण्याच्या हालचालीने डोलते. नांग्या वर करून बसलेल्या छोट्या क्रेफिशचा आकार असा आपोआप तयार होतो. काहीच न करता, नुसता पडून राहून हा लुअर मासे पकडतो. थंडी असो, कडक ऊन असो, आधी चार होड्यांनी पाणी ढवळून गेलेलं असो, नेड रिग कामाला येतो. लहान मुलाला पहिला स्मॉलमाउथ मिळवून द्यायचा असेल तर मी दुसरं काही हातात देणार नाही.

नद्यांमध्ये क्रेफिशचं राज्य आहे. ग्रेट लेक्समध्ये मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जेवणाचं ताटच पालटलं, आणि आमिष कसं निवडावं याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

1988 साली लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले. मालवाहू जहाजं तोल सांभाळण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते ओततात. त्या पाण्यातून काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूचे हे शिंपले आले. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खाणारे हे जीव कोटींच्या संख्येने वाढले आणि तलाव नितळ झाले. 1990 साली सेंट क्लेअर नदीत त्याच मुलखातला राउंड गोबी सापडला. हाही बहुधा जहाजांच्याच पाण्यातून आला. कोकणच्या खाड्यांतल्या चिखलावर उड्या मारणारी निवटी गोबींच्याच गोतावळ्यातली आहे. राउंड गोबी तपकिरी-करड्या रंगाचा, बटबटीत डोळ्यांचा, पाठीच्या पहिल्या परावर काळा ठिपका असलेला मासा. तो शिंपले खातो, तळाच्या दगडांत राहतो आणि भरमसाट वाढतो. काही वर्षांत एरी आणि ओंटारियो या तलावांतल्या आणि सेंट लॉरेन्स नदीतल्या स्मॉलमाउथला तो मुबलक मिळू लागला.

गोबीला हवेची पिशवी नसते. बहुतेक माशांना ती असते आणि तिच्या जोरावर ते पाण्यात हव्या त्या उंचीवर तरंगून राहतात. गोबीने पोहणं थांबवलं की तो तळावर जाऊन बसतो. म्हणून तो छोट्या छोट्या धावा घेत, तळाला चिकटूनच फिरतो. आता ट्यूब आठवा. क्रेफिशसाठी द्यायचा तो छोटा झटका इथे नको. होडी वाऱ्यावर सोडून द्यायची आणि ट्यूब तळावरून नुसती घासत, ओढत न्यायची. नळी तीच, पोटातलं वजन तेच. ओढण्याची पद्धत बदलली की क्रेफिशचा गोबी होतो. गोबी आल्यावर एरीवरच्या गळवाल्यांचं हे ओढकाम फारच फळाला आलं.

पाणी नितळ झाल्यामुळे मासा आता लुअर लांबूनच बघतो आणि जवळ येऊन निरखतो. त्यामुळे ड्रॉप शॉट ही पद्धत इथे बहरली. ती अमेरिकेत आली जपानमधून. तिथल्या लहान तलावांत गर्दी फार, मासे सावध, म्हणून हलक्या हाताच्या युक्त्या तिथे वाढीस लागल्या. दोरीच्या अगदी टोकाला वजन, आणि त्याच्या वर वीत-दीड वीत अंतरावर गळ व सात-आठ सेंटिमीटरचा मऊ मासा. वजन तळावर एका जागी राहतं, आमिष त्याच्या वर एका जागी थरथरतं. माशाला निरखायला हवा तेवढा वेळ मिळतो आणि लुअर दगडांत रुतत नाही. आजच्या सोनारच्या पडद्यावर मासा दिसतो, त्याच्या नाकासमोर हे आमिष उतरवता येतं. यात मासेमारी किती उरली, यावर तिथे जोरदार वाद चालू आहेत. पद्धत परिणामकारक आहे यावर मात्र वाद नाही.

परिणाम आकड्यांत बघा. 2022 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लेटनला, सेंट लॉरेन्स नदीवर, बासमास्टरची व्यावसायिक स्पर्धा झाली. रोज पाच मासे, चार दिवसांत वीस. जे प्रझेकुराट या तरुणाच्या वीस स्मॉलमाउथचं वजन 102 पौंड 9 औंस, म्हणजे साडेसेहेचाळीस किलो भरलं. नुसत्या स्मॉलमाउथवर शंभर पौंडांचा टप्पा तोवर त्या स्पर्धांत कुणी ओलांडला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेक एरीच्या, कॅनडाच्या ओंटारियो प्रांताकडच्या पाण्यात दहा पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचार किलोंच्या वरचा मासा मिळाला. जागतिक विक्रम मात्र अजून जुनाच आहे. 9 जुलै 1955 रोजी टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात डेव्हिड हेज यांनी 11 पौंड 15 औंसांचा, सुमारे 5.4 किलोंचा मासा पकडला. मोत्याच्या रंगाचा बॉम्बर लुअर होडीमागे ओढत असताना तो लागला होता.

पण गोबीने सगळं चांगलंच केलं असं कुणी समजू नये. स्मॉलमाउथचा नर वसंतात, पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं की, खडीत शेपटीने वाटी कोरतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंडी व पिल्लं राखत बसतो. या दिवसांत तो भुकेपोटी नाही, रागापोटी लुअरवर तुटून पडतो. समोर काहीही टाकलं तरी घेतो. आमिष निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून मला या दिवसांतल्या मासेमारीत कसब दिसत नाही. शिवाय त्याला वर ओढून फोटो काढेपर्यंत घरट्यावर गोबी तुटून पडतात. लेक एरीवर झालेल्या अभ्यासात राखणदार नर बाजूला काढताच गोबी अंडी खाताना आढळले. मासा परत सोडला तरी तो परतेल तेव्हा राखायला काय उरलेलं असेल? ओंटारियोच्या अनेक भागांत बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो, तो यासाठीच. हा नियम मनापासून पाळण्यासारखा आहे.

पाण्याचं तापमान हा आमिषाचा वेग ठरवणारा हुकूम आहे. माशाचं रक्त थंड. पाणी गार तसं त्याचं पचन मंद, भूक कमी, पाठलाग करण्याची तयारी कमी. दहा अंशांच्या खाली पाणी गेलं की लुअर हळू, आणखी हळू करत न्यायचा आणि शेवटी थांबवायचा. इथे जर्कबेट कामाला येतं. लांबट, माशाच्या आकाराचा कडक लुअर, पुढे छोटी जीभ. दोन झटके दिले की तो डावीकडे-उजवीकडे वळतो आणि मग पाण्यात, न बुडता न तरंगता, अधांतरी उभा राहतो. थंड पाण्यात हा थांबा दहा-पंधरा सेकंदांचा असला तरी चालतो. संयम सुटतो तो माणसाचा. नेमका अधांतरी राहावा म्हणून कित्येक जण लुअरच्या पोटाला शिशाची पातळ पट्टी चिकटवून त्याचं वजन जुळवत बसतात.

या घराण्याचा पूर्वज फिनलंडचा. लाउरी रापाला हा गरीब कोळी. मोठे मासे कळपातल्या जराशा लंगडत, डोलत पोहणाऱ्या माशालाच टिपतात, हे त्याने होडीतून बघून बघून ओळखलं. 1936 साली त्याने बुचाच्या लाकडातून मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून त्याचा लेप दिला. 1962 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर लेख आला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मॅरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक घरोघरी पोचला आणि मागणी पुरी करता करता फिनलंडमधल्या त्या छोट्या धंद्याची दमछाक झाली. त्या लाकडी माशाचं मर्म एकच होतं: आजारी माशाचं चालणं.

डेल हॉलोचे हिवाळी गळवाले याच मर्मावर दुसरी युक्ती लढवतात. तिथल्या पाण्यात थ्रेडफिन शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे असतात. त्यांना थंडी सोसत नाही. पाणी फार गारठलं की ते अर्धमेले होऊन गिरक्या घेत खाली जाऊ लागतात. अशा वेळी केसांचा किंवा पिसांचा अगदी हलका जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, तीन-चार मीटर दोरीखाली, फ्लोटला टांगून ठेवायचा. लाट फ्लोट हलवते, फ्लोट जिग हलवतो, माणूस जवळजवळ काहीच करत नाही. प्लास्टिक गारठ्यात कडक होतं, पिसं होत नाहीत.

उन्हाळ्यात याच्या उलट. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की मासा पाठलागाला तयार असतो. भल्या पहाटे, पाणी शांत असताना, पृष्ठभागावर नागमोडी चालणारा किंवा शेपूट फिरवत गुडगुड आवाज करत येणारा लुअर टाकावा. मासा तो घेतो तेव्हा पाणी फुटतं, आणि ज्याने ते एकदा बघितलं तो पुढची कित्येक वर्षं पहाटे उठतो. वरून पडणारं खाणं याच दिवसांत येतं. लेक एरीवर जून-जुलैत हेक्साजेनिया जातीच्या मेफ्लाय इतक्या उठतात की हवामानाच्या रडारवर त्यांचे ढग दिसतात. 1950 च्या दशकात प्रदूषणाने त्या तिथून जवळपास नाहीशा झाल्या होत्या, 1990 च्या दशकात परतल्या. सतरा वर्षांनी जमिनीतून निघणारे सिकाडा किडे 2021 साली पूर्वेकडच्या राज्यांत निघाले, तेव्हा झाडांवरून नदीत पडणाऱ्या सिकाडांवर मासे तुटून पडले. त्या दिवसांत जड ट्यूब घेऊन तळ घासणारा माणूस रिकाम्या हाती परतला तर नवल नाही.

नितळ पाण्याबद्दल माझं ठाम मत आहे. लुअर एकतर खूप वेगाने न्यावा, नाहीतर जवळजवळ स्थिर ठेवावा. वेगात माशाला विचार करायला वेळ नसतो. स्थिर असेल तर लुअर निरखला तरी खोटा वाटेल असं काही त्यात दिसत नाही. मधल्या, रमतगमत चालीत मासा मागे मागे होडीपर्यंत येतो आणि वळून जातो.

रंगावर मी शेवटी बोलतोय, कारण तो शेवटचाच आहे. खोली, वेग आणि आकार हे तिन्ही जुळल्यावर रंगाचा विचार करावा. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो. काही मीटर खाली लाल लुअर काळपट दिसतो, तेव्हा लाल-नारिंगी क्रेफिशी रंग उथळ पाण्यासाठीच राखून ठेवावेत. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी लार्जमाउथ बासला खाऊची सवय लावून रंग ओळखायला शिकवले. लाल आणि हिरवा ते नीट ओळखत, पण झळझळीत पिवळा-हिरवा आणि पांढरा यांत, तसंच काळा आणि निळा यांत त्यांची गल्लत होई. स्मॉलमाउथ हा त्याचाच भाऊ. म्हणजे त्या भिंतीवरच्या कितीतरी छटा फक्त गिऱ्हाइकासाठी असतात. पाणी नितळ असेल तर हिरवट-तपकिरी किंवा धुरकट रंग घ्यावा. पाऊस होऊन नदी गढूळ असेल तर काळा किंवा भडक, आणि मुख्य म्हणजे थरथर देणारा: फिरत्या पात्याचा स्पिनरबेट. माशाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली कंपनं टिपणारी रेषा असते, गढूळ पाण्यात डोळ्यांचं बरंचसं काम ती करते.

आता जिवंत आमिषाकडे येतो. मिनेसोटातले जुने गळवाले जळूला मानतात. रक्तपिपासू जळू नव्हे, तळ्यातली फितीसारखी पोहणारी जळू. तिच्या चोषकात बारीक गळ अडकवून सोडली की ती थकता थकत नाही. नदीत हेलग्रामाइट, मानेच्या कडक पट्टीखालून गळ घालून. क्रेफिश शेपटीत टोचून, म्हणजे तो उलटा, घाबरल्यासारखा ओढला जातो. गांडूळ सगळीकडे चालतं. या सगळ्यांपुढे प्लास्टिक फिकं आहे, हे मान्यच करायला हवं. वास, चव, खरी हालचाल, सगळं तिथे आहे.

आणि तिथेच अडचण आहे. खरं खाणं मासा थुंकत नाही, गिळतो. गळ घशात किंवा पोटात रुततो आणि सोडून दिलेला मासा पुढे मरण्याची शक्यता कितीतरी वाढते. मासे परत सोडायचे असतील तर जिवंत आमिषासोबत वर्तुळाकार गळ वापरावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. झटका न देता नुसती दोरी ताणायची. गळ खोल गेलाच तर ओढाताण करू नये, दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडावा.

बादलीचाही प्रश्न आहे. ओहायो खोऱ्यातला रस्टी क्रेफिश गळवाल्यांच्या बादल्यांतून विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओंटारियोपर्यंत पोचला. तिथल्या देशी क्रेफिशना त्याने हुसकावलं आणि लहान माशांचा आसरा असलेल्या पाणवनस्पती कापून टाकल्या. म्हणून पेनसिल्व्हेनियात क्रेफिश जिथे पकडला त्याच पाण्यात वापरायचा नसेल तर त्याचं डोकं तिथल्या तिथे काढावं लागतं. ओंटारियोत क्रेफिश एका पाण्यातून दुसरीकडे नेताच येत नाही. माशांना रक्तस्राव होऊन मारणारा व्हीएचएस हा विषाणू 2005 नंतर ग्रेट लेक्समध्ये फैलावला, तेव्हापासून जिवंत माशांच्या वाहतुकीवरही बंधनं आली. गांडुळासारखा निरुपद्रवी जीवसुद्धा तिथे पाहुणा आहे. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या त्या उत्तरेकडच्या रानांत देशी गांडुळं नव्हती, आणि नव्या गांडुळांनी पाचोळ्याचा थर खाऊन तिथली कोवळी रोपं उघडी पाडली. उरलेली गांडुळं झाडाखाली सोडणं आपल्याकडे पुण्याचं वाटेल, तिथे ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची असतात. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, टोरांटोकडच्या मराठी घरांतली मुलं उन्हाळ्यात गळ घेऊन निघतात, त्यांच्या आईवडिलांनी परवान्याबरोबरची नियमपुस्तिका त्यांच्यासोबत बसून वाचावी.

वजनांबद्दलही एक सांगायचं राहिलं. शिशाचे छोटे गोळे लून नावाचे पाणपक्षी खडे समजून किंवा माशासोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी छोट्या शिशावर बंदी घातली आहे. टंगस्टन महाग पडतं, पण ते शिशापेक्षा सुमारे 1.7 पट घन असल्यामुळे तेवढंच वजन लहान आकारात बसतं, आणि तळाचा दगड, वाळू, शिंपला यांतला फरक हाताला स्पष्ट सांगतं. पक्ष्यांचं कारण बाजूला ठेवलं तरी मी तेच घेईन.

सुरुवात करणाऱ्याला पेटी मोठी लागत नाही. मध्यम-हलकी, सात फुटी काठी. बारीक वेणीची दोरी आणि पुढे दोन-अडीच मीटर फ्लोरोकार्बनची दोरी. हिरवट आणि धुरकट अशा दोन रंगांच्या ट्यूब, तीन वजनांची डोकी, नेड रिगचं एक पाकीट, एक जर्कबेट, एक पृष्ठभागावरचा लुअर, एक स्पिनरबेट. आणि पाण्याचा थर्मामीटर, जो बहुतेकांच्या पेटीत नसतो.

पहिला मासा मिळाला की हात ओले करून त्याला धरावं आणि सोडण्याआधी त्याच्या घशात डोकावावं. बरेचदा तिथून क्रेफिशच्या मिशा बाहेर आलेल्या असतात, किंवा होडीत आल्या आल्या तो अर्धवट पचलेला गोबी ओकतो. त्याची लांबी आणि रंग बघावा, लुअर त्याच्याशी जुळत नसेल तर तो सोडवून जुळणारा लावावा, आणि पुढची फेक त्याच खोलीत टाकावी.